चार पावलं मागं

१५ जानेवारी १९९७, बुधवार

आज किंक्रांत. मामंजी, नंदू आणि मी आठवडी बाजाराला जाऊन आलो. मेथी चांगली मिळाली, वांगी किडकी निघाली. डोकं दुखत होतं म्हणून संध्याकाळी शिवणाला बसले नाही. बाकी काही विशेष नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

परवाचं खोटं आहे. ही वही कुणी वाचत नाही, मशीनच्या खणात कापडाच्या चिंध्यांखाली असते. तरी मी तिच्यातही खोटं लिहिलं. म्हणजे माझी कमालच आहे.

बुधवारी बाजारातून येताना मामंजी पुढं होते आणि आम्ही दोघी चार पावलं मागं. आमच्यात रीतच आहे ती. पाटणहून ती मशीद बंदरच्या खोलीत आली, तिथून कोपरखैरण्याच्या या माथाडी वसाहतीत आली, पण चाराची तीन पावलं काही झाली नाहीत. मसाल्याच्या दुकानापुढं गर्दी होती. तिथं एका माणसानं येऊन नंदूचं मनगट धरलं आणि बरोबरीनं चालायलाच लागला. घरच्या माणसासारखा, निवांत. चांगला इस्त्रीचा शर्ट होता अंगात. नंदू “वहिनी” म्हणाली. ओरडली नाही, पण म्हणाली. मी बघितलं. तो माझ्याकडं बघून हसला.

आणि मी काय केलं, तर दुसऱ्या बाजूनं नंदूच्या दंडाला जोरात चिमटा काढला आणि पुटपुटले, “गप. मामंजी आहेत पुढं.”

तो पिठाच्या गिरणीपर्यंत आला. साठ-सत्तर पावलं तरी असतील. मग त्यालाच कंटाळा आला असावा, हात सोडून गल्लीत शिरला. मामंजींनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. त्यांना काही कळलं नाही ही देवाची कृपा, असं मी मनात म्हटलं आणि घरी येऊन मेथी निवडली.

कळलं असतं तर नंदूचं कॉलेज बंद झालं असतं, म्हणून मी तिला गप्प केलं, असं दोन दिवस स्वतःला समजावते आहे. पण हे कारण मला घरी आल्यावर सुचलं. रस्त्यात डोक्यात एवढंच होतं की सासऱ्यासमोर आवाज कसा काढायचा. मी या घरात आले तेव्हा नंदू सात वर्षांची होती आणि सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला बाराखडी मी गिरवायला लावली. देवानं माझ्या पदरात दुसरं कुणी घातलं नाही, हीच एक. आणि तिलाच मी चिमटा काढला, त्याला नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

नंदू माझ्याशी बोलते. मीठ कुठं आहे, बादली भरली का, एवढं. भांडली असती तर बरं झालं असतं.

शेजारच्या सुमित्राबाईंकडं हळदीकुंकू झालं. वाणात प्लास्टिकच्या डब्या वाटल्या आणि वर एक बातमी. महिला मंडळ समाज मंदिरात बायकांसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग काढणार आहे, मंगळवारी आणि शनिवारी, चार ते पाच. घणसोलीची कुणी होमगार्डमधली बाई शिकवणार. साड्या नेसून कराटे कसं करायचं यावर बायका खूप हसल्या. मीही हसले, पण नाव मी पहिलं दिलं.

मामंजी नको म्हणतील याची खात्रीच होती. मी त्यांच्याशी बोलत नाही. चहा झाला की बांगड्या वाजवते, त्यांना कळतं. मोठं काही असलं तर ह्यांच्याकरवी. ह्यांनी कांदा-बटाटा मार्केटातून आल्यावर हातपाय धुऊन विचारलं, तर मामंजी म्हणाले, “जाऊ द्या दोघींनाबी. लवकर जाऊ द्या.” ह्यांना इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात ते खरं असावं.

२५ जानेवारी, शनिवार

पहिला वर्ग. नंदू आली नाही, प्रॅक्टिकल आहे म्हणाली. बी.कॉम.ला कसलं प्रॅक्टिकल ते मला दहावी पास बाईला काय कळणार, असं तिला वाटलं असेल.

शिकवणारी संध्याताई म्हात्रे तिशीचीही नाही. काटक, सावळी, खाकी पँट आणि आवाज असा की समाज मंदिराचे पत्रे थरथरावेत. म्हणाली, “पयला आवाज, मंगशी हात. गप रायलेली बाय म्हंजे उघरं दार हाय. आमची आय मिठागराचे या बांधावरशी हाक मारायची, ती पल्याडचे बांधावर आयकाला जायची. तुमी घाटावरच्या बाया तोंडात पदर कोंबून बसता.”

सगळ्यांना एकेक करून “सोड” असं ओरडायला लावलं. सुमित्राबाईंनी अशी आरोळी मारली की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. माझी पाळी आली. तोंड उघडलं, छाती भरून घेतली आणि निघालं काय, तर जेमतेम “सोडा”. वर आदरार्थी. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याताई हसली नाही. पुन्हा म्हणा म्हणाली. पुन्हा तेच.

मला जमेना त्याला एक कारण होतं. दारातून दिसत होतं, बाहेर पायरीवर मामंजी बसले होते. आमच्याकडं पाठ करून. कधी आले, का आले, कळलं नाही. सून काय शिकते आहे ते बघायला आले असणार. तास संपेपर्यंत हलले नाहीत. घरी जाताना मी चार पावलं मागं, आणि आज ती चार पावलं फार लांब वाटली.

१ फेब्रुवारी, शनिवार

मनगट सोडवायला शिकलो. समोरच्यानं धरलं की त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा, कारण पकड तिथंच कच्ची असते. चार बोटांशी झगडायला जायचं नाही. पायात टाचेची चप्पल असेल तर टाच त्याच्या पावलावर. पिशवी ओढली तर सोडून द्यायची, पिशवीपायी जीव द्यायचा नाही. आणि माणसं असतील तिकडं पळायचं, घराकडं नाही, म्हणजे त्याला घर कळत नाही. इतकी साधी गोष्ट. मला आधी माहीत असती तर, असं लिहायला घेतलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला अंगठ्याचं शास्त्र कमी पडलं नव्हतं.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं माझा हात धरा. शंभर किलोच्या गोणी उचलणारा माणूस, त्यांनी हसतहसत धरला. मी झटका दिला आणि सुटले. ते आपल्याच हाताकडं बघत बसले. म्हणाले, “आयला, आता तुला काय बोलायची सोय राहिली न्हाई.” बऱ्याच दिवसांनी घरात हसू आलं. नंदू आतल्या खोलीत होती. तिनं दार लोटून घेतलं.

तीन दिवस ती कॉलेजला गेलेली नाही. डोकं दुखतं म्हणते.

५ फेब्रुवारी, बुधवार

मामंजी हल्ली बाजाराला येत नाहीत. गुडघा धरला म्हणतात. मात्र सकाळी दूध आणायला आणि संध्याकाळी दत्ताच्या देवळापर्यंत गुडघा बरा असतो. मी एकटीच गेले.

तो दिसला. मसाल्याच्या दुकानाशेजारी, पेरू खात उभा होता. माझ्या पर्समध्ये मोठी सेफ्टी पिन होती, ती मी उघडून मुठीत घेतली. चालत चालत अगदी त्याच्यासमोरून गेले. मुद्दामच गेले. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि दुसरीकडं बघायला लागला. ओळखलंसुद्धा नाही. मी गेले तीन आठवडे ज्याचा चेहरा घेऊन झोपते आणि उठते, त्याला मी कोण ते आठवतही नव्हतं. आठवणार तरी कसं, मी काही केलंच नव्हतं आठवण्यासारखं.

पिन माझ्याच तळव्यात घुसली. हळद लावली आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज घरात आनंदीआनंद. नंदूनं सकाळी आपणहून सांगितलं की मला पुढं शिकायचं नाही, आत्याबाईंनी सुचवलेलं कराडकडचं स्थळ बघायला माझी ना नाही. भागीरथी आत्याबाई दिवाळीपासून त्या स्थळाच्या मागं आहेत. मुलगा यशराज, घरची बागायत, स्वतःचा ट्रॅक्टर. दिवाळीत हीच नंदू म्हणाली होती की ट्रॅक्टरशी तुम्हीच लग्न करा. ह्यांनी लगेच कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला. तेवीस तारखेला मंडळी येणार.

एकटे मामंजी खूश दिसले नाहीत. भाकरी अर्धी टाकून उठले. त्यांना पित्ताचा त्रास आहे, मी ओव्याचं पाणी करून ठेवलं आणि बांगड्या वाजवल्या. घेतलं नाही.

पहिल्या वर्षाची परीक्षा दीड महिन्यावर आली आहे. फॉर्म भरलेला आहे. आमच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली ही पहिली मुलगी आणि ती एका पेरू खाणाऱ्या माणसापायी खाली उतरते आहे. त्याच्यापायी की माझ्यापायी, हे मला विचारायला हवं. विचारणार कोण?

१५ फेब्रुवारी, शनिवार

विचारलं. दुपारी दोघी पापड वाळत घालत होतो. मी म्हटलं, नंदू, त्या माणसाची भीती वाटत असेल तर मी रोज तुझ्याबरोबर बस स्टॉपला येते, मी शिकले आहे आता, अंगठ्याकडून झटका कसा द्यायचा ते तुलाही दाखवते.

तिनं हातातला पापड नीट पसरला. मग म्हणाली, “मला त्याची भीती नाही वाटत, वहिनी. तसले कॉलेजात पण आहेत. मला एवढंच कळलं की माझा हात कुणी धरला तर माझ्या घरातलं कुणी वळत नाही. मग इथं राहिले काय आणि कराडला गेले काय.”

“कुणी” म्हणाली. मला उद्देशून बोलायचं होतं, पण मी तिला आईसारखी, माझा मान ठेवून “कुणी” म्हणाली असणार.

तेव्हा मला एकच वाक्य म्हणायचं होतं की माझं चुकलं. दोनच शब्दांचं वाक्य ते. मी म्हटलं, “झालं ते झालं, ऊन उतरायच्या आत आवरू.” आणि आवरलं.

चार वाजता वर्गाला गेले. आज आवाज पुन्हा नाही निघाला. संध्याताई मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, तुमचे हाताला जोर हाय. मंग गल्यालाच काय झालंय?” मी म्हटलं, सर्दी.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप लागायची नाही.

मंडळी अकराला आली. मुलगा, त्याचे काका, मावशी आणि आत्याबाई. मुलगा वाईट नाही, खाली मान घालून बसला होता. नंदूनं माझी मोरपंखी साडी नेसली होती. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, सगळं झालं. मग काकांनी विचारलं की पोरगी शिकते आहे म्हणता, मग मध्येच सोडते कशापायी. सरळ प्रश्न होता. ह्यांनीही सरळ ठरलेलं उत्तर दिलं की तिला घरकामाचीच आवड आहे.

मामंजी भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “कशापायी सोडती, ते मला इचारा.”

मला वाटलं पित्त, पाणी हवं असेल. पण ते बोलायलाच लागले. खाली बघून, हळू, मध्ये कुणाला शब्द घालायची जागा न ठेवता.

“सक्रातीच्या दुसऱ्या दिशी बाजारात एकानं हिचा हात धरला. हिनं वैनीला हाक मारली. मी चार पावलांवर हुतो. मला ऐकू आलं. तीस वरसं पाठीवर गोनी वाह्यली, पर त्या टायमाला मान वळवाया जमली न्हाई. वाटलं, तो तरणा हाय, वळलो तर लोकांत फजिती व्हईल. गिरणीपतुर मी तसाच चाललो. हिनं माझी मान अर्धी वळल्याली बघितली हाय. तवापास्नं पोरगी माझ्या तोंडाकडं बघत न्हाई.”

ह्यांनी “आबा” म्हणून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मामंजींनी तो बाजूला केला आणि म्हणाले, “सूनबाईचा दोष न्हाई. ती माझ्या धाकातली, ती बिचारी काय करनार. दोष माझा हाय.”

मी दारात उभी होते. हातात पोह्यांच्या बश्यांचं ताट. नंदूनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं की नाही, माझाही आहे. बोलायला जागाही होती. मी पदर सारखा केला आणि काकांच्या पुढं बशी ठेवली.

मंडळी कळवतो म्हणाली. गल्लीत मावशी आत्याबाईंना म्हणाल्याच, हात धरलेली पोरगी आमच्या गळ्यात बांधत होता की काय. सुमित्राबाईंनी ते ऐकलं, म्हणजे उद्या दुपारपर्यंत सगळा सेक्टर ऐकेल. आत्याबाई जाताना मामंजींच्या पाया पडल्या नाहीत. हे दुपारी एकदम म्हणाले, चारचौघांत काढायची गरज काय होती.

पायरीवर पाठ करून बसलेले मामंजी मला आत्ता दिसताहेत. मी समजत होते, ते माझ्यावर पाळत ठेवायला येतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नंदू कालपासून कॉलेजला जायला लागली. सकाळी तिनं चप्पल घातली आणि म्हणाली, “आबा, स्टॉपपर्यंत येता का?” ते शर्टाची बटणं लावत लावतच बाहेर पडले. दोघं शेजारी शेजारी चालत गेले. गल्लीतल्या बायका बघत होत्या, बघू दे.

मला आनंद झाला पाहिजे. झालाही. पण ते बोलले म्हणून तिनं त्यांना माफ केलं. आणि बोलताना माझंही ओझं त्यांनीच उचलून घेतलं, जन्मभराची सवय. मी ते उचलू दिलं. आता घरात सगळे मला बिचारी समजतात. ह्यांनी काल माझ्यासाठी गजरा आणला. तो मी देवाला घातला.

आज वर्गात पायरी रिकामी होती, मामंजी नंदूला आणायला स्टॉपवर गेले होते. म्हणजे आता आवाज निघायला हरकत नव्हती. नाही निघाला.

२ मार्च, रविवार

दुपारची जेवणं चालली होती. हे, मामंजी आणि आज नंदूही त्यांच्याच पंक्तीला. मी वाढत होते. बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं, ठरवलं असतं तर बोललेच नसते. मामंजींच्या ताटात भाकरी वाढली आणि तिथंच उभी राहिले.

“मामंजी,” मी म्हटलं. बारा वर्षांत मी त्यांना तोंडावर हाक मारली नव्हती. ह्यांचा घास हातातच राहिला. “नंदूला गप्प मी केलं. तिनं हाक मारली तेव्हा मी तिला चिमटा काढला. तुम्ही पुढं होता म्हणून. माझा दोष नाही म्हणालात, ते खोटं आहे.”

आवाज फाटला आणि पाहिजे त्यापेक्षा फार मोठा निघाला. शेजारी सुमित्राबाईंनी टी.व्ही. बारीक केला. हे ताटावरून उठायला लागले, तर मामंजी त्यांना म्हणाले, “बस खाली, जोतीराम.” मग माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे घारे आहेत, हे मला आज कळलं. त्यांनी आमटी मागितली आणि मी वाढली.

मागच्या मोरीवर भांडी घासताना नंदू येऊन शेजारी बसली. विसळायला लागली. चार ताटं झाल्यावर म्हणाली, “त्यानं धरलं होतं तिथं काहीच उमटलं नव्हतं, वहिनी. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, मनगट साफ होतं. तुझ्या चिमट्याचा डाग मात्र आठ दिवस होता. आधी लाल, मग निळा, मग पिवळा.”

मी म्हटलं, “माझं चुकलं, नंदू.” या वेळी निघालं तोंडातून. हळू, पण निघालं.

ती बराच वेळ तेच ताट विसळत राहिली. मग म्हणाली, “शेहेचाळीस दिवस वाट बघितली मी. रोज वाटायचं, आज बोलशील.”

तिनं ताट पालथं घातलं आणि अभ्यासाला निघून गेली. मी हात पुसून ही वही काढली आणि पंधरा जानेवारीपासून बोटावर मोजत आले. शेहेचाळीसच आहेत.